डब्यावरचा १४ अंकी क्रमांक नेमकं काय सांगतो? : सप्लिमेंट, एफडीए आणि गोव्यातला ग्राहक

मांडवीकाठ

पणजीत अठरा जून रस्त्यावरच्या फार्मसीत जा, मडगावच्या जिममध्ये जा, नाहीतर घरबसल्या मोबाइलवर मागवा. सप्लिमेंटचा डबा हातात ठेवताना विकणारा एकच वाक्य ऐकवतो : "एफएसएसएआय अप्रूव्ह्ड आहे, बिनधास्त घ्या." हा धागा त्या वाक्यासाठी.

एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण. त्याचा परवाना मिळतो तो कारखान्याला, गोदामाला किंवा दुकानाला. डब्याला नाही. प्रोटीन, व्हिटॅमिन, मिनरल, वनस्पतींचे अर्क हे नियमांच्या परिशिष्टांत बसणारे घटक ठरलेल्या मर्यादेत वापरले असतील, तर उत्पादन बाजारात येण्याआधी कोणी सरकारी प्रयोगशाळा त्याची चाचणी करत नाही. परिशिष्टाबाहेरचा नवा घटक असेल तरच पूर्वमंजुरी लागते, आणि तिचे नियम २०१७ चे, वेगळे आहेत. बाकी सगळा कारभार माल आधी दुकानात, नमुना मागाहून, असा चालतो.

कायदा थोडक्यात : अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. त्याच्या कलम २२ मध्ये न्यूट्रास्युटिकल (आरोग्यासाठी म्हणून विकले जाणारे अन्नघटक आणि अर्क) आणि हेल्थ सप्लिमेंट येतात. सविस्तर नियम २३ डिसेंबर २०१६ ला अधिसूचित झाले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि २०२२ मध्ये सुधारून आले. गोव्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे (एफडीए), म्हणजे बांबोळीला होली क्रॉसच्या कपेलासमोरची 'धन्वंतरी' इमारत. अन्न आणि औषध ही दोन्ही खाती एकाच संचालनालयात असण्याचा आपल्याला फायदा आहे. डब्यातला माल अन्न म्हणून विकला जातोय की औषध म्हणून, याचा घोळ असला तरी तक्रारीचं दार एकच.

जाणकारांनी भर घालावी. एक विनंती, 'अमुक ब्रँड चांगला का' हे प्रश्न इथे नकोत.

कुंडईक्यूसी

डब्यावरच्या एफएसएसएआयच्या १४ अंकी क्रमांकापासून सुरुवात करतो, कारण तो फुकटात आणि दोन मिनिटांत तपासता येतो.

पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर नुसती नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे : ०६ म्हणजे गोवा, १५ महाराष्ट्र, १२ कर्नाटक. तिथे ०० असेल तर केंद्रीय परवाना. त्यापुढचे दोन अंक वर्ष सांगतात. म्हणजे १०६ ने सुरू होणारा क्रमांक गोव्यातला राज्य परवाना, आणि १०० ने सुरू होणारा केंद्रीय.

आता याचा उपयोग. हेल्थ सप्लिमेंट किंवा न्यूट्रास्युटिकल *बनवणाऱ्याला* केंद्रीय परवाना लागतो, उलाढाल कितीही असो. आयात करणाऱ्यालाही तोच. त्यामुळे 'उत्पादक' या शब्दापुढे २ ने सुरू होणारा क्रमांक दिसला की तिथेच थांबा. नोंदणी ही कमी उलाढालीच्या छोट्या धंद्यासाठी असते. लोणचं-पापडवाल्याला ती चालते, प्रोटीन पावडरच्या कारखान्याला नाही.

बहुतेक डब्यांवर दोन नावं असतात : बनवणारा एक, विपणन करणारा दुसरा. क्रमांकही दोन. फसगत इथेच होते. विपणनवाल्याचा क्रमांक ठळक छापलेला, उत्पादकाचा बारीक किंवा गायबच. तुम्हाला हवा उत्पादकाचा. एफएसएसएआयच्या फॉसकॉस या परवाना पोर्टलवर एफबीओ (अन्न व्यावसायिक) सर्चमध्ये तो टाका. चार गोष्टी पाहा : नाव डब्यावरच्या नावाशी जुळतं का; पत्ता जुळतो का; परवाना चालू आहे की मुदत संपली, निलंबित, रद्द; आणि परवान्याखालच्या उत्पादनांच्या यादीत हेल्थ सप्लिमेंटसारखा प्रकार आहे का. चौथी पायरी लोक गाळतात. परवाना खरा आणि चालू, पण बिस्किटांचा किंवा मसाल्यांचा, असं प्रकरण पहिल्या तीन पायऱ्यांत सुटून जातं.

म्हापशेकर

जिमवाले मोठ्या डब्यातून काढून झिपच्या पिशवीत किलोकिलोने देतात. त्यावर तर काहीच छापलेलं नसतं. ते कशात बसतं?

कुंडईक्यूसी

कशातच बसत नाही म्हणून बेकायदा. अन्न विकणारा कोणीही असो, जिम असली तरी, नोंदणी किंवा परवाना हवा. पुन्हा पॅक करणं हा वेगळा व्यवसाय, त्याला वेगळी मान्यता. लेबल नसलेली पिशवी घेतली की बॅच नाही, मुदत नाही, उत्पादक नाही, म्हणजे पुढे तक्रार करायला हातात धागा नाही. शिवाय जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा पाहता उघडलेली पावडर पिशवीत ओल धरते, गुठळ्या होतात. बुरशीचा प्रश्न त्यानंतरचा.

फार्मसीबाय

काउंटरच्या या बाजूने एक गोष्ट सांगते. गिऱ्हाईक ज्याला 'व्हिटॅमिनची गोळी' म्हणतं त्यात तीन वेगवेगळे प्रकार लपलेले असतात, आणि ते लेबलवर ओळखता येतात.

पहिला प्रकार औषध. डब्यावर 'मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर' असतो, एफएसएसएआयचं चिन्ह नसतं. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० आययूचं (आययू हे जीवनसत्त्व मोजायचं एकक) पाकीट घ्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या तक्त्यात प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० आययू आहे. म्हणजे एका पाकिटात शंभर दिवसांचा हिशेब. हा डोस हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकता येत नाही, तो औषधाच्या परवान्याखालीच येतो, आणि 'आठवड्यातून एक, इतके आठवडे' हे डॉक्टरने लिहून द्यायचं असतं. रोज एक घेणारे लोक असतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरा प्रकार हेल्थ सप्लिमेंट. यात जीवनसत्त्वं आणि खनिजं त्या रोजच्या गरजेच्या मर्यादेत ठेवावी लागतात. लेबलवर प्रत्येक घटकाचं प्रमाण आणि ते रोजच्या गरजेच्या किती टक्के, हे हवं. 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द हवेत. 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना ठळक हवी. शिफारस केलेलं रोजचं प्रमाण ओलांडू नये, हा वैविध्यपूर्ण आहाराला पर्याय नाही, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये, याही सूचना हव्यात. यातली एखादी नसली तर तो मिसब्रँडेड माल ठरतो, आत पावडर कितीही शुद्ध असली तरी.

तिसरा आयुर्वेदिक औषध. एफएसएसएआयचा संबंध नाही, राज्याच्या आयुष परवाना अधिकाऱ्याचा क्रमांक असतो, कायदा १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. आणि आता चौथाही आहे, 'आयुर्वेद आहार', त्याचे नियम मे २०२२ चे, चिन्हही वेगळं.

अश्वगंधा यातल्या एकाहून जास्त दारांतून आत येऊ शकते अशी परिस्थिती आहे. सप्लिमेंटच्या वाटेने आली तर परिशिष्ट ४ पाहावं. तिथे वनस्पतीचं नुसतं नाव दिलेलं नाही, कोणता भाग आणि किती प्रमाण तेही दिलंय. अश्वगंधेचं मूळ वापरायचं. पानं स्वस्त पडतात म्हणून ती घालणारे आहेत. लेबलवर 'अश्वगंधा अर्क' एवढंच असेल आणि 'मूळ' हा शब्द नसेल तर विचारा.

मांडवीकाठ

फार्मसीबाय, कॅप्सूलचं आवरण राहिलं. उपास आणि एकादशी पाळणारी मंडळी विचारतात.

फार्मसीबाय

जिलेटिन प्राण्यांपासूनच येतं. वनस्पतिजन्य आवरण असेल तर घटकांत एचपीएमसी लिहिलेलं असतं. हिरवा गोल पाहून खूष होऊ नका, घटकांची ओळ वाचा.

म्हापशेकर

आता माझा खरा प्रश्न. एका व्हे (दुधाच्या निवळीतली प्रथिनं) पावडरच्या लेबलवर ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २७ ग्रॅम प्रथिनं लिहिली आहेत. घटकांत पहिलं नाव 'व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट', मग कोको, मग फ्लेवर, गोडवा, आणि शेवटी ग्लायसीन, टॉरिन. हे शक्य आहे का? लॅब नको, कागदावरच सांगा.

कुंडईक्यूसी

कागदावरच निकाल लागतो. हिशेब करू.

बाजारातलं उत्तम कॉन्सन्ट्रेट म्हणजे डब्ल्यूपीसी-८०. त्यातले ८० टक्के हे *कोरड्या* वजनावर मोजलेले असतात. पावडरीत चारेक टक्के ओलावा असतोच, म्हणून प्रत्यक्ष पावडरीत प्रथिनं ७६-७७ टक्के. त्यात कोको, फ्लेवर, घट्टपणा आणणारा गोंद, गोडवा असं १० टक्के मिसळलं तर व्हे उरतं ९० टक्के. ०.९ गुणिले ०.७७ गुणिले ३० ग्रॅम = २०.८ ग्रॅम. कोकोतून फार तर अर्धा ग्रॅम येईल, धरा २१ आणि वर थोडं.

आता आयसोलेट, म्हणजे आणखी शुद्ध केलेलं व्हे. कोरड्या वजनावर ९० टक्के, प्रत्यक्षात ८६ च्या आसपास. तेच १० टक्के मिश्रण धरलं तर ३० ग्रॅममध्ये २३ ग्रॅम. म्हणून '३० मध्ये २४' हे बहुधा आयसोलेट आणि अगदी कमी फ्लेवर असेल तरच जमतं. '३० मध्ये २७' म्हणजे ९० टक्के, तेही चॉकलेट फ्लेवरमध्ये आणि घटकांत कॉन्सन्ट्रेट पहिलं? गणितात बसत नाही.

मग लॅबच्या अहवालात आकडा जुळतो कसा? तिथे ग्लायसीन आणि टॉरिन ही सुटी अमिनो आम्लं येतात. प्रथिनं मोजण्याची नेहमीची पद्धत केल्डाल. ती प्रथिनं मोजतच नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला दुधाच्या प्रथिनांसाठी ६.३८ ने गुणते. ग्लायसीनमध्ये वजनाच्या १८.७ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून १०० ग्रॅम ग्लायसीन या पद्धतीत ११९ ग्रॅम 'प्रथिनं' दाखवतं. क्रिएटिन मोनोहायड्रेटमध्ये २८.२ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमचे १८०. टॉरिनचे ७१ च होतात, डब्ल्यूपीसीपेक्षाही कमी, पण स्वस्त म्हणून घालतात. एक किलो पावडरीतलं १०० ग्रॅम व्हे काढून तेवढं ग्लायसीन घातलं की खरी प्रथिनं ७७ ग्रॅमने घटतात आणि अहवालातला आकडा मात्र ४२ ग्रॅमने *वाढतो*. याला धंद्यात स्पायकिंग म्हणतात. मेलामाइन हाच प्रकार, फक्त विषारी.

पकडायचं कसं? अमिनो आम्लांचा पूर्ण तक्ता मागा. खऱ्या व्हेमध्ये १०० ग्रॅम प्रथिनांमागे ल्युसिन १० ग्रॅमच्या पुढेमागे आणि ग्लायसीन २ च्या आसपास असतं. ग्लायसीन ८-१० दिसलं आणि ल्युसिन ७ वर आलं तर उघड आहे. त्याहून नेमकी चाचणी म्हणजे *मुक्त* अमिनो आम्लं मोजणं, नमुन्याचं हायड्रोलिसिस (प्रथिनं तोडून अमिनो आम्लं सुटी करणं) न करता. खऱ्या व्हेत ती नगण्य निघतात.

ग्लायसीन घालणं हा गुन्हा नाही, घटकांत लिहिलेलं आहे. ते प्रथिनांच्या आकड्यात धरणं ही फसवणूक.

दर्यावर्दी

यूट्यूबवर आयोडीनचे थेंब टाकून भेसळ ओळखतात ना? निळं झालं तर नकली.

कुंडईक्यूसी

आयोडीन स्टार्चला निळं होतं. व्हेमध्ये जे भरतात ते माल्टोडेक्स्ट्रिन. त्याच्या साखळ्या आखूड असतात, निळा रंग येईलच असं नाही, लालसर येतो किंवा येतच नाही. वर चॉकलेट फ्लेवरमध्ये कोकोचा स्वतःचा स्टार्च आणि तपकिरी रंग. म्हणजे खरा माल नापास आणि नकली पास असं दोन्ही होऊ शकतं. पाण्यात किती लवकर विरघळतो, फेस किती येतो, हेही तसंच. लेसिथिन घातलं की सगळं झटकन विरघळतं.

सीओए_वाचा

कंपनीच्या साइटवर 'थर्ड पार्टी लॅब टेस्टेड' म्हणून एक पीडीएफ असते. ती कशी वाचायची ते लिहितो, कारण निम्म्या लोकांना पहिल्या पानावरचा हिरवा शिक्का पुरतो.

बॅच नंबर तुमच्या डब्याच्या तळाशी छापलेल्या बॅचशी तंतोतंत जुळला पाहिजे. एक बॅच तपासून वर्षभर तीच पीडीएफ दाखवणं सर्रास चालतं. नमुना लॅबला कधी मिळाला ती तारीख आणि उत्पादनाची तारीख यांची सांगड लावा. 'नमुना ग्राहकाने पुरवला' आणि 'निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते' ही दोन वाक्यं जवळपास प्रत्येक अहवालात असतात. त्यात गैर काही नाही, पण अर्थ समजून घ्या : लॅबने दुकानातून डबा उचललेला नाही, कंपनीने जे पाठवलं ते तपासलं.

एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, चिन्ह लॅबला असतं, पण मान्यता चाचणीनिहाय असते. लॅबच्या मान्यतेच्या यादीत प्रथिनं असतील आणि जड धातू नसतील तर जड धातूंच्या ओळीला ते चिन्ह लागू नाही. प्रामाणिक लॅब तिथे फुली किंवा तारा टाकून तळटीप देते. पद्धतीचा रकाना बघा : शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांच्यापुढे आयसीपी-एमएस (अत्यल्प धातू मोजणारी पद्धत) असावं. 'आढळलं नाही' लिहिलं असेल तर शेजारी किमान मोजमाप मर्यादा लिहिलेली हवी. ती नसेल तर 'आढळलं नाही' याला अर्थ नाही. चाळणीची भोकं केवढी ते सांगितलं नाही तर काय गळलं ते कसं कळणार?

२०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने बाजारातून ३६ प्रोटीन पावडरी उचलून तपासल्या आणि निकाल वैद्यकीय नियतकालिकात छापले. सुमारे ७० टक्के उत्पादनांत प्रथिनांचा आकडा लेबलशी जुळला नाही, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मा. फरक इतकाच की त्यांनी डबे स्वतः विकत घेतले होते.

मांडवीकाठ

आता कामाचं. डबा संशयास्पद वाटला तर काय करायचं, क्रमाने?

बांबोळी_फाटा

क्रमाने देतो, पण पहिली पायरी खरेदीच्या दिवशीच घडलेली असावी लागते.

बिल. १ जानेवारी २०२२ पासून अन्न विकणाऱ्याच्या बिलावर त्याचा १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. बिलावर उत्पादनाचं पूर्ण नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. संशय आला की डबा वापरणं बंद करा, झाकण लावून कोरड्या जागी ठेवा, फेकू नका. त्याच बॅचचे न उघडलेले डबे दुकानात आहेत का ते पाहून ठेवा. उघडलेल्या डब्यावर कोणीही म्हणेल की तुम्हीच काही मिसळलं.

फोटो : पुढची बाजू, मागची बाजू, घटक, पोषणतक्ता, बॅच आणि मुदत, परवाना क्रमांक, बिल. मग 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार, किंवा एफएसएसएआयचा टोल-फ्री १८००-११२-१००, किंवा थेट बांबोळीला लेखी, पोच घेऊन. मी तिसऱ्याला झुकतं माप देईन. ॲपवरची तक्रार शेवटी राज्याकडेच येते, आणि लेखी तक्रारीचा आवक क्रमांक पुढे माहिती अधिकारात कामाला येतो. तक्रारीत 'नकली वाटतं' असं लिहू नका. 'लेबलवर ३० ग्रॅममध्ये २७ ग्रॅम प्रथिनं, पहिला घटक कॉन्सन्ट्रेट, ग्लायसीन आणि टॉरिन घातलेले. प्रथिनं आणि अमिनो आम्लांची चाचणी व्हावी' असं लिहा. अधिकाऱ्याला कुठली चाचणी मागायची ते कळतं. नुसतं 'तपासा' म्हटलं तर ओलावा आणि राख तपासून 'मानकांत बसतं' असा अहवाल येण्याची शक्यता राहते.

पुढे अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून रीतसर नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, चौथा दुकानदाराने मागणी केली तर त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त लॅबकडे. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर धंदेवाल्याला ३० दिवसांत अपील, आणि मग रेफरल लॅबचं मत अंतिम. कायद्याने खटल्याला मुदत आहे एक वर्ष, आयुक्तांनी कारण नोंदवून वाढवली तर तीन वर्षं. म्हणून डबा सहा महिने कपाटात ठेवून मग तक्रार करू नका.

दंड : निकृष्ट दर्जा ५ लाखांपर्यंत, मिसब्रँडिंग ३ लाखांपर्यंत, दिशाभूल करणारी जाहिरात १० लाखांपर्यंत. हे अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी दर्जाच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतं. माल असुरक्षित निघाला तर प्रकरण फौजदारी कोर्टात.

दर्यावर्दी

म्हणजे अधिकारी आला तर नमुना, नाहीतर नाही. ग्राहकाने स्वतःच लॅबमध्ये दिलं तर?

बांबोळी_फाटा

दोन वाटा आहेत आणि लोक त्या एकमेकीत मिसळतात.

खासगी एनएबीएल लॅबमध्ये कोणीही पैसे भरून नमुना देऊ शकतो. तो अहवाल तक्रारीला जोडायला उत्तम, पण केवळ त्यावर दुकानदाराला दंड होत नाही.

दुसरी वाट कलम ४०. सामान्य खरेदीदार शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एकच, पण तीच लोक चुकवतात : *विकत घेतानाच* दुकानदाराला सांगायचं की हा माल मी विश्लेषणासाठी देणार आहे. घरी आणल्यावर सुचलं तर उपयोग नाही. सांगितलं ते लेखी असावं, बिलावरच 'कलम ४० खाली विश्लेषणासाठी खरेदी' असं लिहून दुकानदाराची सही घ्या. अहवाल नियमांविरुद्ध गेला तर शुल्क परत मिळतं, आणि विश्लेषक तो अहवाल पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे पाठवतो, म्हणजे पुढची चक्रं फिरतात.

फार्मसीबाय

यावर दुकानदाराची बाजूही मांडते, कारण सही मागितली की आम्ही घाबरतो. घाबरायचं कारण नाही, कागद नीट असले तर. विक्रेता कलम २७ खाली जबाबदार ठरतो तो मुदत संपलेला माल विकला, अस्वच्छ ठेवला, मिसब्रँडेड विकला, किंवा *कोणाकडून घेतला ते सांगता आलं नाही* तर. वितरकाकडून बिल आणि फॉर्म ई ची हमी घेतलेली असली की आतल्या दोषाचं बोट वितरक आणि उत्पादकाकडे वळतं. बिलाशिवाय स्वस्तात माल उचलणारा मात्र स्वतःच अडकतो.

आरटीआय_डिचोली

'पारदर्शकता' म्हणाल तर ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. गोव्याने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, केंद्राचा २००५ मध्ये आला. तेव्हा मागायची सवय आपल्याला नवी नाही.

'प्रशासन काय करत आहे?' असा प्रश्न विचारला की उत्तर येतं, 'नियमानुसार कारवाई सुरू आहे.' नोंदी मागा. नमुना देतो :

"मागील दोन आर्थिक वर्षांत हेल्थ सप्लिमेंट, न्यूट्रास्युटिकल आणि विशेष आहार या प्रकारांत घेतलेल्या नमुन्यांची तालुकावार संख्या, त्यांपैकी नियमानुसार, निकृष्ट, मिसब्रँडेड आणि असुरक्षित ठरलेल्यांची संख्या, प्रत्येक नमुन्यावर केलेल्या चाचण्यांची नावं, न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी दिलेल्या आदेशांच्या प्रती, ठोठावलेला आणि प्रत्यक्ष वसूल झालेला दंड."

'चाचण्यांची नावं' आणि 'वसूल झालेला' हे दोन शब्द गाळू नका, बातमी त्यातच असते. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. व्यापारी गुपित म्हणून कलम ८(१)(ड) पुढे केलं तर : फॉर्म्युला गुपित असू शकतो, निकाल लागलेल्या नमुन्याचा अहवाल नाही, आणि त्या कलमातच व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद आहे. चौकशी सुरू असल्याचं कारण मात्र काही काळ टिकतं, म्हणून निकाली प्रकरणांपुरतंच मागा. उत्पादकाच्या केंद्रीय परवान्याची फाइल राज्याकडे नसते. तो अर्ज एफएसएसएआयकडे. चुकीच्या दारी दिला तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत त्यांनी वर्ग करायचा असतो.

वैद्यक_फोंडा

प्रथिनं कमी भरली तर पैसे जातात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे 'नैसर्गिक' लेबलखाली औषध मिसळणं. लक्षणांवरून संशय कसा घ्यायचा ते सांगतो.

सांधेदुखीची किंवा वजन वाढवायची पावडर तीन-चार दिवसांत चमत्कारासारखी लागू पडली, भूक वाढली, चेहरा गोल होऊ लागला, साखर चढली, तर डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडचा संशय घ्या. हे आठवडेच्या आठवडे घेतलेलं असेल तर एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बंद पडलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो. डबा घेऊन डॉक्टरकडे जा. वजन उतरवणाऱ्या गोळीने धडधड, तोंड कोरडं, झोप उडाली, रक्तदाब वाढला, तर सिब्युट्रामिन. भारतात २०११ पासून बंदी आहे. पुरुषांच्या 'ताकदीच्या' चूर्णात सिल्डेनाफिल सापडतं, आणि हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याला ते जीवघेणं ठरू शकतं. मधुमेहाच्या चूर्णाने साखर अचानक ५० वर आली तर त्यात ग्लायबेनक्लामाइडसारखं औषध असू शकतं.

अशा वेळी तक्रारीत 'अघोषित औषधाची चाचणी' असं स्पष्ट लिहा. मांडवीकाठ म्हणाले तो बांबोळीच्या एकाच दाराचा फायदा इथे. शिवाय फार्माकोव्हिजिलन्सचा क्रमांक १८००-१८०-३०२४, दुष्परिणाम तिथे रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

एक छोटी भर : केसांसाठी जास्त मात्रेचं बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. थायरॉइड आणि हृदयाच्या ट्रोपोनिनच्या काही चाचण्यांचे आकडे त्यामुळे खोटे येतात.

म्हापशेकर

खेळाडूंचं काय? २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा इथेच झाल्या तेव्हा डोपिंगच्या बातम्या होत्या.

वैद्यक_फोंडा

नाडासमोर, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेसमोर, 'डब्यावर लिहिलं नव्हतं' हा बचाव चालत नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. शिक्षा कमी करून घ्यायची असेल तर डबा दूषित होता हे खेळाडूनेच सिद्ध करायचं असतं. म्हणून प्रत्येक बॅचचा एक न उघडलेला डबा आणि बिल राखून ठेवावं, आणि बॅचनिहाय डोपिंग चाचणी झालेलाच माल घ्यावा.

सीओए_वाचा

आयात मालाचं राहिलं. परदेशी डब्यावर मूळ छपाईसोबत एकच, सहज न निघणारा स्टिकर असतो : आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआय चिन्ह आणि क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण. तो स्टिकर नसेल तर माल रीतसर वाटेने आलेला नाही, मग तो कितीही 'ओरिजिनल' असो. दुबईहून बॅगेत आणलेला डबा स्वतःपुरता ठीक, दुकानात विकायला नाही. स्टिकरवरचा क्रमांक १०० ने सुरू व्हायला हवा, वर कुंडईक्यूसीबाबांनी सांगितलंच आहे.

स्क्रॅच कोड आणि क्यूआर यांवर विसंबू नका. नकली डब्यावरचा क्यूआर नकली साइटवरच नेतो आणि तिथे 'अभिनंदन, उत्पादन अस्सल आहे' असं येतं. साइटचा पत्ता हाताने टाइप करून कोड तिथे घाला. ऑनलाइन मागवलं तर पोचताना किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदतीआधी ४५ दिवस शिल्लक हवेत, असं एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-कॉमर्सवाल्यांना सांगितलंय. 'एकावर एक फ्री' बहुधा याच्याच काठावरचा माल असतो.

दर्यावर्दी

आणि इन्स्टावर 'ही पावडर घ्या, शुगर जाते' म्हणणारे?

बांबोळी_फाटा

अन्न म्हणून विकलेल्या वस्तूने रोग बरा होतो असं म्हणताच येत नाही, जाहिरात व दावे नियम २०१८. मधुमेहाचं नाव घेतलं तर १९५४ चा जादुई उपचारांविरुद्धचा कायदाही लागतो. पैसे घेऊन बोलणाऱ्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तक्रार १९१५ वर. स्टोरी २४ तासांत उडते, म्हणून आधी स्क्रीन रेकॉर्डिंग, त्यात खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असं, मग फोन.

म्हापशेकर

फॉसकॉसवर त्या २७ ग्रॅमवाल्या डब्याचे दोन्ही क्रमांक टाकून पाहिले. विपणनवाल्याचा चालू आहे. उत्पादकाच्या परवान्याची मुदत डब्यावरच्या उत्पादन महिन्याच्या चार महिने आधीच संपलेली दाखवतंय. नूतनीकरण पोर्टलवर उशिरा चढतं असं होऊ शकतं का?

कुंडईक्यूसी

पोर्टलवर चढायला थोडा उशीर होऊ शकतो, पण तुम्ही चार महिने म्हणताय. त्या तारखेच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा, दिवस-वेळ दिसेल असा, आणि डब्यावरच्या उत्पादन महिन्याच्या फोटोसोबत जोडा. तक्रारीत हा मुद्दा प्रथिनांच्या आधी लिहा. त्याला लॅब लागत नाही.